यंत्राचा देह

'रोबो' या शब्दासाठी मराठीने 'यंत्रमानव' हा प्रतिशब्द घडविला आणि तो रूढही झाला. मूळ शब्द चेक भाषेतला; कारेल चापेक यांच्या 1920 च्या नाटकातून तो जगभर पसरला. ज्या 'रोबोटा'पासून तो निघाला त्याचा अर्थ वेठ. नाटकातील पात्रे माणसासारखी होती हे खरे, परंतु शब्दात मात्र वेठच आहे, मानवाकृती नाही. ती आम्ही मराठी जनांनी पदरची घातली.

यंत्रात आपले रूप पाहण्याची ही हौस जुनी आहे. धारच्या भोज परमाराच्या नावावर असलेला अकराव्या शतकातील 'समरांगणसूत्रधार' हा ग्रंथ 1924-25 साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापून निघाला. संपादक टी. गणपतिशास्त्री. माळव्यातला हा ठेवा महाराजा सयाजीरावांच्या आश्रयाने उजेडात यावा, याचे आपल्या वाचकांस कौतुक वाटेल. त्याचा एकतिसावा अध्याय यंत्रांचा. त्यात शस्त्र घेऊन उभे राहणारे द्वारपाल आहेत, पाणी पिणारा हत्ती आहे, नाचणाऱ्या पुतळ्या आहेत आणि पाऱ्याच्या बळावर उडणारा लाकडी पक्षी आहे. घडण तपशीलवार सांगितली नाही ती गुप्ततेसाठी, अज्ञानामुळे नव्हे, असेही ग्रंथकार बजावतो. पक्ष्याच्या त्या श्लोकांवर विमानविद्येचे इमले रचणारे पुष्कळ भेटतात. आम्हास ते पटत नाही.

आम्हास अधिक मोलाची वाटते ती त्याच अध्यायातील रथदोला. वसंत, मदननिवास, वसंततिलक, विभ्रमक आणि त्रिपुर असे हे फिरत्या पाळण्यांचे पाच प्रकार. येथे कोणत्याही प्राण्याची नक्कल नाही. आसाभोवती अखंड फिरत राहणे कोणत्याही पशूच्या सांध्याला जमत नाही. शिरा आणि रक्तवाहिन्या आड येतात. सूक्ष्म जंतूंच्या शेपटीच्या मुळाशी खरी फिरती रचना असते, हे 1970 च्या दशकात सिद्ध झाले. पण तो अपवादच.

बऱ्हाणपूरच्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्यांना ही गोष्ट निराळी सांगावयास नको. धोटा फेकणारा विणकराचा हात मागावर कोठेच दिसत नाही. शिवणयंत्राचेही तेच. हातसुईचे नेढे मागच्या टोकाला असते; 1846 साली एलियस हाऊने पेटंट घेतले त्या यंत्रात ते अणकुचीजवळ आले आणि दुसरा दोरा खालून घेतला गेला. शिंप्याच्या बोटांची नक्कल सोडली तेव्हा यंत्र शिवू लागले.

पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेने घडविलेला 'दक्ष' हा याच वाटेवरचा. 2011 च्या डिसेंबरात त्याची पहिली तुकडी सैन्याकडे सुपूर्द झाली. रबरी चाकांवर चालणारे हे यंत्र संशयित वस्तू उचलते, क्ष-किरणांनी तपासते आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निकामी करते. चालविणारा सुमारे 500 मीटर लांब सुरक्षित असतो. जिना चढण्यासाठी त्याला गुडघे लागले नाहीत. 2023 च्या ऑगस्टमध्ये चंद्रावर उतरलेला 26 किलोंचा 'प्रज्ञान'ही सहा चाकांवरच सुमारे 100 मीटर चालला. अमेरिकेत तर याहून विलक्षण देह घडले: झुरळाच्या चालीवरून सुचलेला, पण प्रत्येक पाय आसावर गरगर फिरविणारा 'ऱ्हेक्स', आणि नासाच्या एम्स केंद्रातला 'सुपरबॉल', ज्यात नुसत्या काठ्या आणि ताणलेल्या दोऱ्या, ना डोके ना पाठ, आणि जो दोऱ्या आखडून-सैलावून गडगडत जातो.

हे सारे गमतीचे वाटेल. परंतु ज्यांनी शासकीय सेवेत नगरपालिकांचा कारभार पाहिला, त्यांना मॅनहोलमध्ये उतरणारा माणूस विसरता येत नाही. 2013 च्या कायद्याने ते काम निषिद्ध केले, तरी मृत्यू थांबले नाहीत. त्या भोकात माणसाचा देह बसतो, हेच त्याचे दुर्दैव. केरळातील तरुण अभियंत्यांनी बनविलेले 'बँडिकूट' 2018 साली तिरुवनंतपुरमला कामास लागले. आत उतरल्यावर ते चारही पाय पसरून भिंतींना टेकते आणि बादलीने गाळ उपसते. ते कोणासारखेही दिसत नाही.

आपल्या शाहपुरात केळीचा घड अजूनही ओल्या बागेतून माणसाच्याच खांद्यावर बाहेर येतो. त्या वाटेवर चाके रुततात, आणि खोडांमधली जागा अरुंद असते. तेथे चालेल असा देह कोणता, हे कोणा तरुण अभियंत्याने बागेत येऊनच पाहावे.