संपर्कबंदीतील काश्मीर आणि छायाचित्रांचा प्रवास

५ ऑगस्ट २०१९ रोजी जम्मू-काश्मीरचा विशेष दर्जा रद्द करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्याआधीच काश्मीर खोऱ्यातील दूरध्वनी व इंटरनेट बंद झाले होते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे श्रीनगरमधील छायाचित्रकार दार यासीन आणि मुख्तार खान प्रसंगी भाजीच्या पिशवीत कॅमेरा लपवून फिरत. छायाचित्रे दिल्लीस पोहोचविण्यासाठी विमानतळावर अनोळखी प्रवाशांची मनधरणी करावी लागे. या दोघांना, जम्मूचे चन्नी आनंद यांच्यासह, २०२० चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यांच्या चित्रांत निदर्शने व पोलीस कारवाई आहे, तसेच दैनंदिन जीवनही. इतिहासाच्या अभ्यासकास हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटावा. कारवाईची नोंद सरकारदप्तरीही होते, घरातल्या खोळंब्याची सहसा होत नाही. चित्रे नेणारे प्रवासी मात्र पारितोषिकाच्या नोंदीत नाहीत.