डाकोटाचा वारस : कानपूरचे ॲव्हरो

युद्धाच्या इतिहासात लढाऊ विमानांना जे मानाचे पान मिळते, ते वाहतुकीच्या विमानांच्या वाट्याला क्वचितच येते. तथापि स्वतंत्र भारताच्या हवाई दलाची पहिली मोठी कामगिरी वाहतूक विमानांनीच बजावली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी दिल्लीहून निघालेल्या डाकोटा विमानांनी शीख रेजिमेंटची पहिली पलटण श्रीनगरला उतरविली आणि काश्मीरच्या खोऱ्यावरील संकट थोपवून धरले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी लेहच्या नव्या, कच्च्या धावपट्टीवर, सुमारे साडेदहा हजार फूट उंचीवर, असेच एक डाकोटा उतरविले. त्या विमानाकडून याहून अधिक अपेक्षा कोण करणार?

परंतु डाकोटाचा आराखडा १९३५ च्या सुमाराचा होता. पिस्टनवर चालणारी त्याची इंजिने उंचावरील विरळ हवेत दमत. त्यांना उच्च प्रतीचे पेट्रोल लागे आणि देखभालही फार लागे. १९५० नंतरच्या दशकात ही विमाने म्हातारी होऊ लागली, आणि त्यांच्या जागी काय आणावे, हा प्रश्न जगातील अनेक देशांपुढे उभा राहिला.

या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांपैकी एक इंग्लंडमधून आले. १९५७ साली ब्रिटिश सरकारने आपल्या संरक्षणविषयक धोरणात क्षेपणास्त्रांवर अधिक भर दिला व लढाऊ विमानांच्या अनेक योजनांना कात्री लावली. लष्करी कामांवर अवलंबून असलेल्या ॲव्हरो कंपनीला तेव्हा दुसरे काम शोधणे भाग पडले. तिने ‘७४८’ या क्रमांकाच्या एका लहान वाहतूक विमानाचा आराखडा हाती घेतला. त्याला रोल्स-रॉईस कंपनीची दोन डार्ट इंजिने बसविण्याचे ठरले. ही इंजिने टर्बोप्रॉप जातीची. त्यांत जळत्या वायूच्या झोतावर एक चक्र अतिवेगाने फिरते आणि दातेरी चाकांच्या साह्याने तो वेग कमी करून पंखा फिरविला जातो. जेट विमानाइतका वेग त्यामुळे येत नाही. मात्र मध्यम वेगाच्या प्रवासात इंधन कमी लागते, ते इंधन रॉकेलच्या जातीचे चालते आणि आखूड धावपट्टीवरून उड्डाण करता येते. ज्या देशात मोठे विमानतळ थोडे आणि दूरचे ठाणे पुष्कळ, त्या देशाला हे गुण मोलाचे वाटणे स्वाभाविक होते.

विशेष हे की, भारताने या विमानाच्या निर्मितीचा करार १९५९ साली केला, आणि विमान प्रथम उडाले ते २४ जून १९६० रोजी. म्हणजे जे विमान अद्याप कागदावरच होते, त्याच्यावर भारताने विश्वास टाकला. या धाडसामागे एअर व्हाइस मार्शल हरजिंदरसिंग यांची जिद्द होती. हवाई दलाच्या प्रारंभीच्या काळात ते साधे हवाई शिपाई म्हणून दाखल झाले होते. स्वतः इंजिनिअर असूनही त्यांनी ते पद पत्करले, आणि पुढे दलाच्या देखभाल विभागाचे ते प्रमुख झाले. ज्यांच्या हाताला विमान दुरुस्त करता येते, त्यांना ते घडविताही येईल, अशी त्यांची श्रद्धा होती. कानपूरजवळील चकेरी येथे दुसऱ्या महायुद्धापासून उभ्या असलेल्या शेड्समध्ये जानेवारी १९६० मध्ये विमाननिर्मितीचे केंद्र सुरू झाले. प्रारंभी बहुतेक भाग इंग्लंडहून येत व येथे ते जोडले जात. पुढे एकेक भाग येथेच घडू लागला. दोन वर्षे पुरी होण्यापूर्वीच, १ नोव्हेंबर १९६१ रोजी, कानपुरात तयार झालेले पहिले ॲव्हरो आकाशात गेले. त्याचे नाव ‘सुब्रतो’ ठेवण्यात आले होते. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांचे नोव्हेंबर १९६० मध्ये टोकियो येथे अकाली निधन झाले होते. त्यांचेच ते स्मरण होते.

१९६४ साली हा कारखाना हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीत समाविष्ट झाला. तेथे एकूण ८९ ॲव्हरो विमाने तयार झाली. त्यांपैकी ७२ हवाई दलाला आणि १७ इंडियन एअरलाइन्सला मिळाली. सैनिकांची ने-आण, मान्यवरांचे प्रवास, टपाल व सुटे भाग पोहोचविणे, वैमानिकांचे व मार्गदर्शकांचे शिक्षण, अशी नाना कामे या विमानाने निमूटपणे केली.

त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट होत्या. पंख शरीराच्या खालच्या बाजूस असल्याने पंख्यांना जागा मिळावी म्हणून विमान जमिनीपासून उंच उभे राहते; त्यामुळे जड सामान चढविणे कष्टाचे होते. जीपगाडी थेट आत नेता येईल अशी मागची उतरंड त्याला नव्हती. हिमालयातील ठाण्यांना रसद पोहोचविण्याचा मुख्य भार म्हणून कॅरिबू, अंतोनोव्ह यांसारख्या परदेशी विमानांवरच राहिला. ब्रिटिशांनी याच विमानापासून ‘अँडोव्हर’ हे रूप तयार केले. त्याला मागची उतरंड होती, आणि सामान चढविताना ते उंटासारखे गुडघे टेकून खाली बसत असे. भारतातही मोठ्या मालदाराची आवृत्ती निघाली. परंतु मूळ आराखड्याला हात घालण्याइतकी मजल येथे गेली नाही. परवान्याने निर्मितीचे कौशल्य हाती येते, रचनेची विद्या मात्र स्वतंत्रपणे कमवावी लागते, हा धडा या तुलनेत आहे.

ती विद्या कमविण्याचा एक प्रयत्न याच विमानावर झाला. संरक्षण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ॲव्हरोच्या पाठीवर रडारची मोठी फिरती तबकडी बसवून हवेतून टेहळणी करण्याचे प्रयोग चालविले होते. ११ जानेवारी १९९९ रोजी तमिळनाडूतील अरक्कोणमजवळ ते विमान कोसळले आणि त्यातील आठही जण, शास्त्रज्ञ व हवाई दलाचे अधिकारी, मृत्युमुखी पडले. तो प्रयोग तेथे थांबला. त्याच विद्येच्या वाटेवरचे ‘नेत्र’ हे टेहळणी विमान हवाई दलाला मिळाले ते २०१७ साली, आणि तेही ब्राझीलमध्ये बनलेल्या विमानावर उभारलेले.

ॲव्हरोची निर्मिती थांबण्याच्या सुमारास कानपूरला दुसरे काम मिळाले. १९८३ साली जर्मनीच्या डॉर्निअर कंपनीशी करार होऊन २२८ या जातीची हलकी टर्बोप्रॉप विमाने तेथे बनू लागली. हवाई दल, नौदल आणि तटरक्षक दल यांच्याकडे ती गेली. मॉरिशस व सेशल्स या बेटांनाही दिली गेली. कारागिरांच्या हातांना खंड पडला नाही, परंतु आराखडा पुन्हा परक्याचाच होता. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने रचलेले ‘सरस’ हे स्वदेशी हलके विमान २००४ साली उडाले. मात्र २००९ साली चाचणीच्या वेळी त्याचे दुसरे विमान कोसळून हवाई दलाचे तीन अधिकारी कामी आले.

हवाई दलाच्या ५६ ॲव्हरोंच्या जागी स्पेनची सी-२९५ ही विमाने घेण्याचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये झाला. त्यांपैकी १६ तयार स्वरूपात यावयाची आणि ४० बडोद्यास टाटा समूहाच्या कारखान्यात घडावयाची, असे ठरले. त्या कारखान्याचे उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. कानपूरच्या जुन्या शेड्समध्ये जे सरकारी देखभाल विभागाने केले, ते आता बडोद्यात खाजगी उद्योगाकडे आले आहे. डाकोटाच्या वारसाचाही वारस असा मिळाला. हरजिंदरसिंगांनी ‘आपल्याला विमान घडविता येईल काय’ या प्रश्नाचे उत्तर १९६१ सालीच दिले होते. बडोद्याच्या कारागिरांपुढचा आणि देशातील रचनाकारांपुढचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: या चाळीस विमानांनंतरचे विमान कोणाच्या आराखड्यावरून घडणार?