किल्ल्यांचा ठसा असलेली बंदूक

सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना १८७० हे साल आम्हाला दोन कारणांसाठी पाठ करावे लागे. पहिल्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचे काम त्या वर्षी अर्धवट थांबले, आणि इ.स. ७५६ पासून या ना त्या स्वरूपात चालत आलेले पोपमहोदयांचे ऐहिक राज्य त्याच वर्षी लयाला गेले. परीक्षेत या दोन्ही घटना चार-चार ओळींत लिहून आम्ही मोकळे होत असू. त्या राज्याच्या अखेरच्या दिवशी तटावर उभ्या असलेल्या सैनिकांच्या हातात काय होते, हा प्रश्न ना आम्हाला कोणी विचारला, ना आम्हाला सुचला.

त्याचे उत्तर पुष्कळ वर्षांनी जुन्या शस्त्रांविषयीच्या एका पुस्तकात सापडले. एका बंदुकीचे छायाचित्र होते. तिच्या पोलादावर परस्परांना छेदणाऱ्या दोन किल्ल्या आणि त्यांवर तिहेरी मुकुट असा ठसा उमटवलेला होता. वेदीच्या वस्त्रावर, चर्चच्या दर्शनी भिंतीवर, महागुरुस्वामींच्या पत्रांवर आपण ज्या किल्ल्या पाहतो, त्याच या किल्ल्या. संत पेत्राला प्रभूने सोपवलेल्या स्वर्गराज्याच्या किल्ल्या बंदुकीवर पाहून मी काही वेळ पान उलटले नाही, हे कबूल करतो.

जुन्या शस्त्रांचे संग्राहक या बंदुकीला 'रेमिंग्टन पोंतिफिचो' म्हणतात. पोंतिफिचो म्हणजे पोपमहोदयांची. तिचा नमुना १८६८ सालचा. ही एकबारी रायफल आहे, म्हणजे एक काडतूस घालायचे, एक बार काढायचा, रिकामी टोपी बाहेर काढायची आणि पुन्हा दुसरे काडतूस घालायचे. आजच्या वाचकाला हे संथ वाटेल. परंतु त्याआधीची ठासणीची बंदूक डोळ्यांसमोर आणावी. तीत नळीच्या पुढच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची आणि मगच नेम धरायचा. सराईत शिपायालाही मिनिटाला दोन-तीन बारांपलीकडे जाता येत नसे, आणि हे सारे बहुधा उभ्याने करावे लागे. मागून भरायच्या बंदुकीने शिपायाला आडवे पडून, आडोशाला राहून, कितीतरी पट वेगाने बार काढता येऊ लागले.

रोमला हा फरक कळला तो मेंतानाच्या लढाईत. ३ नोव्हेंबर १८६७ रोजी गॅरिबाल्डी यांच्या स्वयंसेवकांचा तेथे पराभव झाला. पोपमहोदयांच्या सैन्याबरोबर फ्रेंच पलटणीही होत्या आणि त्यांच्याकडे मागून भरायच्या नव्या शास्पो रायफली होत्या. शास्पोंनी चमत्कार केला, असे त्यांच्या सेनापतीने पॅरिसला कळवले. मेलेल्या माणसांविषयी 'चमत्कार' हा शब्द वापरावा, याची फ्रान्समध्येही अनेकांना लाज वाटली. तथापि नववे पायस यांचे युद्धमंत्री जनरल हेर्मान कान्झलर यांनी त्यातून घ्यायचा तो व्यवहारी धडा घेतला. मूळचे जर्मनीतील बाडेनचे हे गृहस्थ कामात मोठे काटेकोर होते. त्यांनी सैन्याची नव्याने घडी बसवली आणि नव्या रायफलीची निवड केली.

निवड पडली ती अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील इलियन गावच्या रेमिंग्टन कारखान्याच्या रचनेवर. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात हिचे फार कौतुक झाले होते. लिओनार्ड गायगर यांच्या मूळ कल्पनेवर जोसेफ रायडर यांनी सुधारणा करून ती सिद्ध केली होती. रचना इतकी साधी, की दोन वाक्यांत सांगता येते. दोन जाड आडव्या खिळ्यांवर दोन पोलादी ठोकळे फिरतात; पुढचा ठोकळा नळीचे मागचे तोंड झाकतो आणि मागचा म्हणजे घोडा. अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मग पुढचा ठोकळा मागे लोटायचा, काडतूस सरकवायचे, ठोकळा मिटायचा आणि चाप ओढायचा. घोडा खाली पडताना त्याचाच खालचा भाग पुढच्या ठोकळ्याच्या पाठीशी जाऊन बसतो, त्यामुळे बार उडताना तोंड उघडूच शकत नाही. बिघडण्यासारखे तीत फारसे काही नाही.

पोपमहोदयांच्या सैन्यासाठी मात्र या बंदुका अमेरिकेत घडल्या नाहीत. बेल्जियममधील लिएझ शहरात एमिल आणि लेऑन या नागाँ बंधूंनी त्या बनवल्या. काही इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स यांच्याकडे घडल्या. पुढे रशियाच्या सैन्यामुळे जगभर झालेले नागाँ हे नाव प्रथम पुढे आले ते या कामातून.

आता ती ओळखायची कशी? हीच रचना डेन्मार्क, स्वीडन, स्पेन, इजिप्त अशा अनेक देशांनी स्वीकारल्याने वरवर पाहता सगळ्या बंदुका बहिणी-बहिणी दिसतात. जाणता माणूस प्रथम नळी मोकळी आहे ना, हे पाहतो. नळीत गज घालून तो आत किती जातो ते मोजतो, कारण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा बार आत तसाच राहिल्याची उदाहरणे आहेत. मग तो नळीचे माप घेतो. पोपमहोदयांच्या बंदुकीचे माप १२.७ मिलिमीटर, डॅनिश ११.७, स्वीडिश १२.१७, स्पॅनिश ११. काडतुसाच्या खोबणीत वितळलेला गंधक ओतून तिचा साचा काढण्याची जुनी रीत आहे. त्यावरून कोणते काडतूस बसत असे हे नेमके कळते. त्यानंतर ठसे पाहायचे. लिएझच्या परीक्षागृहाचा लंबवर्तुळात 'ईएलजी' ही अक्षरे असलेला ठसा असेल तर बंदूक बेल्जियमची. आणि शेवटी किल्ल्या व मुकुट.

नेमका येथेच लोभ शिरतो. या ठशाने बंदुकीचे मोल वाढते, म्हणून साध्या बंदुकीवर नव्याने किल्ल्या उमटवण्याचा मोह व्यापाऱ्यांना होतो. खोटा ठसा बहुधा स्वतःच बोलतो. ज्या धातूवर तो आहे तो झिजलेला आणि गंजाने खवलेला, पण ठशाच्या कडा मात्र कालच्यासारख्या धारदार. नळीवरचा क्रमांक आणि इतर भागांवरचा क्रमांक जुळतो का, दस्त्याचे लाकूड पोलादाला केसभरही फट न ठेवता बसले आहे का, हेही पाहावे लागते. उलट, प्रामाणिक माणसाच्या हातूनही नुकसान होते. वारशात मिळालेली बंदूक 'स्वच्छ' करावी म्हणून तो ती कानशीने किंवा घासकागदाने घासून चकचकीत करतो आणि दीडशे वर्षे टिकलेला ठसा एका दुपारी पुसून टाकतो. आपल्या जुन्या चर्चमधील लाकडी मूर्तींना तैलरंगाचे पुट देणारे आपणही याच जातीचे, असो.

वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर एखादी जुनी बंदूक निघालीच, तर एवढे ध्यानात ठेवावे, की केवळ जुनी म्हणून ती कायद्याबाहेर जात नाही. अमेरिकेत १८९८ वा त्यापूर्वी बनलेल्या बंदुकीला पुराणवस्तू मानतात. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याची सूट मात्र, दुरुस्ती करूनही जी चालू शकणार नाही, अशाच कालबाह्य वा पुराणमूल्य असलेल्या शस्त्राला आहे. तेव्हा घासण्यापूर्वी आणि विकण्यापूर्वी पोलिस ठाण्यात जाऊन विचारावे.

या बंदुका खांद्यावर घेणारे कोण होते? १८६० साली कास्तेलफिदार्दोच्या पराभवानंतर पोपमहोदयांच्या हाती रोम आणि आसपासचा मुलूखच उरला. त्याच्या रक्षणासाठी १८६१ मध्ये झुवाव्ह नावाचे स्वयंसेवकांचे दल उभे राहिले. त्यात सर्वांत जास्त तरुण होते नेदरलँड्सचे. शिवाय फ्रेंच, बेल्जियन, आयरिश, आणि समुद्र ओलांडून आलेले कॅनेडियनही. पुष्कळसे शेतकऱ्यांचे मुलगे. गावच्या धर्मगुरूंच्या प्रवचनाने पेटून ते निघाले होते. डच गाव औडेनबॉश येथे त्यांचे संग्रहालय आहे. या मुलांना भाडोत्री म्हणणारे इतिहासकार मला अन्यायी वाटतात. पण त्यांना सरसकट हुतात्मे म्हणणाऱ्या जुन्या कॅथलिक पुस्तकांशीही माझे जुळत नाही. त्यांनी प्राण दिले, तसे घेतलेही.

ऑगस्ट १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध सुरू झाल्याने फ्रेंच फौज रोमहून परतली. २० सप्टेंबरला जनरल राफाएले कादोर्ना यांच्या सुमारे पन्नास हजारांच्या सैन्यासमोर कान्झलर यांच्याकडे तेरा हजारांच्या आसपास माणसे होती. आदल्या दिवशी पोपमहोदयांनी कान्झलर यांना लेखी आज्ञा दिली होती. रोम बळाने घेतले गेले, एवढे जगाला दिसेल इतकाच प्रतिकार करावा. तटाला खिंडार पडताच बोलणी सुरू करावीत. पहाटे पाचनंतर तोफा सुरू झाल्या. व्हॅटिकनमध्ये वृद्ध पोपमहोदयांनी परदेशी राजदूतांसमवेत पवित्र मिस्सा अर्पण केली. मायकेलएंजेलो यांनी आखलेल्या पोर्ता पिया या दरवाजाशेजारी तट कोसळला आणि दहाच्या सुमारास पांढरे निशाण चढले. इटलीचे ४९ आणि पोपमहोदयांचे १९ सैनिक मरण पावले, अशी संख्या सर्वसाधारणपणे दिली जाते.

संख्या लहान आहे, आणि म्हणूनच ती मला अधिक टोचते. केवळ 'बळाने घेतले' हे नोंदवण्यासाठी ही अडुसष्ट घरे उजाड झाली. आज्ञा पाळणाऱ्या झुवाव्हाला त्या सकाळी आपली गोळी कोणत्या हिशेबात धरली आहे, हे ठाऊक नव्हते. गेथशेमनी बागेत तलवार उपसणारा हात आणि किल्ल्या स्वीकारणारा हात एकाच पेत्राचा होता, आणि प्रभूने त्याला तलवार म्यानात घालायला सांगितले होते. पण त्या काळच्या धर्मपंडितांना वाटे, की राज्य गेले तर पोपमहोदय कोणा राजाचे आश्रित होतील. ही भीती अगदीच पोकळ नव्हती; १९२९ च्या लॅटरन करारापर्यंत ती पूर्णपणे मिटली नाही.

दुसऱ्या दिवशी झुवाव्हांनी संत पेत्राच्या चौकात पोपमहोदयांचा आशीर्वाद घेतला, शस्त्रे खाली ठेवली आणि ते आपापल्या देशी निघाले. किल्ल्यांचा ठसा असलेल्या बंदुका इटलीच्या ताब्यात गेल्या.

१९६२ च्या ऑक्टोबरात, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या तोंडावर, मिलानचे कार्डिनल मोंतिनी यांनी रोमच्या कॅपिटोल टेकडीवर बोलताना ऐहिक सत्ता गेली ही ईश्वरी योजनाच होती, असे स्पष्ट सांगितले. तेच पुढे सहावे पॉल झाले. १४ सप्टेंबर १९७० च्या पत्राने त्यांनी व्हॅटिकनची सशस्त्र दले विसर्जित केली. त्यानंतर सहाच दिवसांनी, खिंडार पडल्याला शंभर वर्षे झाली त्या दिवशी, रोमचे व्हिकर कार्डिनल देल्लाक्वा यांनी पोर्ता पिया येथे पवित्र मिस्सा अर्पण केली. दलांपैकी भाल्या-परशूंचा स्विस गार्ड तेवढा राहिला.