मोख्याचे बी, मुरुडचे जायफळ

आगरदांड्याच्या जेटीवरून दिघीकडे जाणाऱ्या फेरीबोटीत माणसांबरोबर मोटारसायकली आणि गाड्याही चढतात. बोट लागेपर्यंतचा वेळ काढायचा तो चहावर. या किनाऱ्यावर चहा गृहीतच धरलेला असतो, कॉफी मात्र मागून घ्यावी लागते. मागणारा बहुधा पुण्या-मुंबईचा पर्यटक असतो आणि त्याच्यासाठी गरम दुधात इन्स्टंट पावडरची पुडी रिकामी होते. बरोबरच्या मंडळींपैकी एखादा तरी म्हणतोच, ‘आपल्याला नाही बुवा कॉफी झेपत. कडू लागते.’

गंमत अशी, की आगरदांडा ज्या राजपुरी खाडीच्या काठी वसला आहे, तिच्या मुखाशी उभ्या असलेल्या जंजिरा किल्ल्याचे धनी सिद्दी मूळचे हबसाणातले. हबसाण म्हणजे आजचा इथिओपिया आणि आसपासचा मुलूख. कॉफीचे झुडूप रानात आपसूक उगवते ते तिथेच. 1567 ते 1571 या काळात जंजिऱ्याचा दगडी कोट उभा राहिला आणि सिद्दींचे राज्य 1948मध्ये विलीन होईपर्यंत टिकले. 1670च्या सुमारास औरंगजेबाने सिद्दीला मोगली आरमाराचे काम दिले. त्याचा तनखा सुरतेच्या महसुलातून येई. त्या बदल्यात सुरतेहून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या व्यापारी आणि हजच्या जहाजांची राखण करायची.

ही जहाजे जात ती जेद्द्याला आणि येमेनमधल्या मोखा बंदराला. गुजरातेतले कापड तिकडे उतरे आणि परतीच्या मालात चांदी-सोन्याबरोबर कॉफीचे दाणेही असत. 1695मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटलेले ‘गंज-ए-सवाई’ हे औरंगजेबाचे जहाज याच वाटेने सुरतेला परतत होते. थोडक्यात, कॉफीचा जुना सागरी रस्ता आणि सिद्दींची गस्त एकाच पाण्यावरची.

हिंदुस्थानात तोवर कॉफी नवी राहिली नव्हती. जहांगीराच्या दरबारी आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याच्याबरोबर एडवर्ड टेरी हा पाद्री होता. धर्माने कडक असलेले अनेक लोक मद्याला शिवत नाहीत, त्याऐवजी काळे बी पाण्यात उकळून पितात, अशी नोंद त्याने केली आहे. सतराव्या शतकातच बाबा बुदन या सूफी संताने मोख्याहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात रुजवल्या, अशी कथा कर्नाटकात सांगतात. पुढे 1696मध्ये डचांनी जावा बेटावर कॉफीची रोपे नेली, ती मलबार किनाऱ्यावरून.

या सगळ्या प्रवासात कॉफी फारशी एकटी राहिली नाही, आणि कॉफीला बिचकणाऱ्याने नेमकी हीच गोष्ट लक्षात ठेवावी. खुद्द येमेनमध्ये लोक दाण्यांपेक्षा फळाच्या वाळलेल्या सालींचा, सुंठ घातलेला काढा आवडीने पीत आले. त्याला किश्र म्हणतात. तो रंगाने फिका, चवीला हलका. अरबांनी कॉफीत वेलची घातली, इथिओपियाच्या काही भागांत मीठ किंवा लोणी घालतात, तुर्कांनी साखर घालून ती उकळली, युरोपने दूध ओतले. बिनसाखरेची काळी कॉफी तेवढी खरी आणि बाकीच्या पोरखेळ, असे सांगणाऱ्याने कॉफीच्या माहेरी काय पितात ते आधी पाहावे.

मराठी घरांचा संकोच मात्र नुसत्या कडवटपणाचा नव्हता. पेय कोणाच्या हातचे, हा प्रश्न आधी यायचा. 1890च्या ऑक्टोबरात पुण्याच्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासारख्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. त्यावरून उठलेले ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, शंकराचार्यांपर्यंत आणि शेवटी प्रायश्चित्तापर्यंत गेले. चहाची ही कथा, तर कॉफी आणखी दूरची. ती मध्यमवर्गाच्या फडताळात आली ती डब्यातून. मुंबईत 1888च्या सुमारास पेस्तनजी एडलजी यांनी कॉफी भाजून दळून विकण्याचा धंदा सुरू केला. पुढे लोण्यासाठी गाजलेले ‘पोलसन’ ते हेच. त्यांच्या ‘फ्रेंच कॉफी’त चिकोरी मिसळलेली असे.

चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजून दळलेले मूळ. नेपोलियनच्या काळात, 1806नंतर, इंग्लंडशी व्यापार बंद झाला आणि फ्रान्समध्ये कॉफीची टंचाई पडली, तेव्हा ती फार चालली. चिकोरीत कॅफीन अजिबात नसते. तिने रंग गडद होतो, चव जराशी गोडसर आणि जाड होते, शिवाय पावडर स्वस्त पडते. आजही आपल्याकडे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी असलीच पाहिजे, असा नियम आहे. ज्याला कॉफीचा कडक दणका नको, त्याने पाकिटावरचे हे प्रमाण वाचून घ्यावे.

आणि मग आले जायफळ. मराठी घरातली कॉफी म्हणजे पाणी-साखरेला उकळी, त्यात चमचाभर पावडर, वर भरपूर दूध आणि उतरवताना किसलेले जायफळ, कुणाकडे वेलचीही. ही रोजची गोष्ट नव्हे. पाहुणा खास असला, परीक्षेसाठी जागायचे असले, उपासाच्या दिवशी चहाचा कंटाळा आला, की कॉफी. जंजिऱ्याजवळच्या मुरुडला जायफळासाठी लांब जावे लागत नाही. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांत नारळ-सुपारीच्या सावलीत जायफळाची झाडे वाढतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ आणि ‘कोकण स्वाद’ या जायफळाच्या जाती काढल्या, त्या अशाच आंतरपिकासाठी. कडू चवीला घाबरणाऱ्याची पहिली कॉफी हीच असावी. तिच्यात कॉफी कमी आणि दूध जास्त असते, आणि सुगंध ओळखीचा असतो. जायफळ मात्र चिमूटभरच, जास्त झाले की गुंगी आणते.

दक्षिणेची फिल्टर कॉफी मुंबईत आली ती माटुंग्याच्या मद्रासी आणि उडुपी हॉटेलांतून. दोन मजली पितळी गाळणीत कॉफी पावडर दाबून भरायची, वरून उकळते पाणी घालायचे आणि थेंबाथेंबाने खाली उतरलेला दाट अर्क गरम दुधात मिसळायचा. हे ‘डिकॉक्शन’ अगोदर करून ठेवता येते, आणि दूध किती घालायचे ते पिणाऱ्याच्या हातात राहते. कडक नको असेल तर अर्क दोन चमचेच घ्यावा. तिकडे सरकारलाही कॉफी खपवायची होती. कॉफी सेस कमिटीने 1936मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाऊस काढले. पुढे कॉफी मंडळाने कॉफी हाऊस बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने 1957पासून सहकारी संस्था उभारून ती चालवली. एका कपावर तासन्‌तास बसायची सवय अनेकांना तिथेच लागली.

इन्स्टंट पावडर आली आणि गाळणीचीही गरज उरली नाही. नेसकॅफे 1938मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निघाली, आपल्याकडे साठच्या दशकात रुळली. कपात पावडर, साखर आणि पाण्याचे काही थेंब घालून चमच्याने पांढरट होईपर्यंत फेटायचे, वर उकळते दूध ओतायचे. 2020च्या टाळेबंदीत जगाने हीच युक्ती ‘डालगोना’ या कोरियन नावाने डोक्यावर घेतली. तोवर इथल्या कितीतरी पोरांचे मनगट ती फेटून दुखून गेले होते. लग्नाच्या हॉलमधली ‘एक्स्प्रेसो’ ही तिची थोरली बहीण. वाफेच्या यंत्रावर फेसाळलेले दूध, त्यावर चॉकलेट पावडरची भुरभुर. इटलीतल्या एस्प्रेसोशी तिचा संबंध फक्त वाफेपुरता.

खरी एस्प्रेसो वेगळी. मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी 1901मध्ये वाफेच्या दाबावर एकेक कप काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. आताच्या एस्प्रेसो यंत्रातून निघतो तो सुमारे 30 मिलिलिटर दाट अर्क. आजच्या कॅफेतली लांबलचक यादी या घोटाभोवतीच फिरते. त्यात गरम पाणी घातले की अमेरिकानो, दूध आणि जाड फेस घातला की कॅपुचिनो, दूध वाढवून फेस कमी केला की लाटे, चॉकलेट मिसळले की मोका. मोका हे नाव त्या जुन्या येमेनी बंदराचेच. 1996मध्ये बंगळुरूत कॅफे कॉफी डे आणि 2012मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला पहिले स्टारबक्स सुरू झाले, तेव्हापासून ही नावे मराठी तोंडीही बसली. पुण्यातल्या कॉलेजवयीन मुलांना मात्र यातले काहीच नको असते, त्यांची कॉफीशी ओळख कोथरूडच्या ‘दुर्गा’ कॅफेमधल्या गार, घट्ट कोल्ड कॉफीने होते.

महाराष्ट्राची स्वतःची कॉफीही आहे, समुद्रापासून दूर, अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याच्या थंड डोंगरावर. किनाऱ्याच्या वाट्याला दुसरी एक आली, मलबारची ‘मॉन्सून्ड’ कॉफी. शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना दाणे दमट हवेने फुगत आणि त्यांचा आंबटपणा जाई. पुढे प्रवास जलद झाला आणि ती चव हरवली. म्हणून आता पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वारा मुद्दाम दाण्यांना लागू देतात. ज्यांना कॉफीतला आंबटपणा खटकतो, त्यांनी ही शोधून घ्यावी.

तेव्हा कॉफीची खात्री नसलेल्याने क्रम असा धरावा: आधी जायफळाची दुधाळ कॉफी, मग फेटलेली किंवा कोल्ड कॉफी, पुढे चिकोरीची फिल्टर कॉफी, त्यानंतर लाटे आणि कॅपुचिनो. झोप हलकी असेल तर संध्याकाळनंतर कॉफी टाळावी आणि घरी अरेबिका जातीची कॉफी आणावी, कारण तिच्यात रोबस्टा जातीच्या जवळपास निम्मेच कॅफीन असते. काळ्या कॉफीपर्यंत पोचलात तर उत्तम, जायफळावरच थांबलात तरी काही बिघडत नाही.