पाषाणाचा पृष्ठभाग : महाराष्ट्रातील उत्प्रेरक-संशोधनाची वाटचाल

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव मध्ययुगीन मंदिरांसाठी आणि कोरीव स्तंभासाठी ओळखले जाते. ही मंदिरे ज्या काळ्या पाषाणातून घडली, तो पाषाण दख्खनच्या पठाराचा अग्निजन्य बेसॉल्ट होय. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा खडक तयार झाला आणि त्याने आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश व्यापला आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांतून खनिजयुक्त उष्ण पाणी झिरपले आणि स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, चाबाझाइट अशी पांढरी, गुलाबी, पिवळसर स्फटिके त्यांच्यात वाढली. एकोणिसाव्या शतकात भोर घाटातून रेल्वेमार्ग काढताना खडक फोडला गेला, तेव्हा अशा स्फटिकांचे उत्तम नमुने उजेडात आले आणि संग्रहालयांपर्यंत पोहोचले. पुण्याजवळील वाघोली आणि पाषाण येथील खाणीही त्यांच्यासाठी खनिजशास्त्रज्ञांना परिचित आहेत. ही खनिजे झिओलाइट या कुळातील आहेत, आणि विसाव्या शतकात याच कुळाने रसायनशास्त्राच्या एका मोठ्या शाखेला, म्हणजे उत्प्रेरणाच्या अभ्यासाला, नवे वळण दिले.

रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा, पण क्रियेच्या अखेरीस स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. या घटनेला 1835 मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी नाव दिले, परंतु तिची कारणमीमांसा पुढे बराच काळ अस्पष्ट राहिली. उत्प्रेरक घनरूप आणि अभिक्रियाकारक वायुरूप किंवा द्रवरूप असतील, तर क्रिया घनाच्या अंतर्भागात न घडता केवळ त्याच्या पृष्ठभागावर घडते. तेथे रेणू प्रथम चिकटतात (यालाच अधिशोषण म्हणतात), त्यांचे बंध सैल होतात किंवा तुटतात, नवे बंध जुळतात आणि तयार झालेला रेणू पृष्ठभाग सोडून निघून जातो. त्यामुळे उत्प्रेरक समजून घेणे म्हणजे पृष्ठभाग समजून घेणे, हे सूत्र पक्के झाले. आयर्विंग लँगम्युर यांना 1932 मध्ये आणि गेरहार्ड एर्टल यांना 2007 मध्ये मिळालेली नोबेल पारितोषिके याच क्षेत्रातील कामासाठी होती. लोखंडी उत्प्रेरकावर नायट्रोजनच्या रेणूचे दोन अणूंत विभाजन होणे हा अमोनियानिर्मितीतील सर्वांत संथ टप्पा आहे, हे एर्टल यांनी दाखवले. मराठवाड्यातील कपाशीला आणि ज्वारीला घातला जाणारा युरिया या अमोनियापासूनच बनतो. तुर्भे येथील खत कारखाना 1965 मध्ये सुरू झाला, तेव्हा हीच पृष्ठक्रिया महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर घडू लागली.

महाराष्ट्रात या विषयाचे संशोधन मुख्यतः पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजले. 3 जानेवारी 1950 रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिचे पहिले दोन्ही संचालक पृष्ठविज्ञानाचेच अभ्यासक होते, आणि संस्थेच्या इतिहासात या गोष्टीला जेवढे महत्त्व मिळायला हवे तेवढे सहसा मिळत नाही. पहिले संचालक जेम्स विल्यम मॅकबेन हे मूळचे कॅनडाचे असून ब्रिस्टल आणि स्टॅनफर्ड येथे त्यांनी अध्यापन केले होते. घन पदार्थ किती वायू शोषतो हे मोजण्यासाठी त्यांनी सिद्ध केलेला तराजू साधा पण अचूक होता. निर्वात नळीत क्वार्ट्झच्या नाजूक सर्पिलाकार स्प्रिंगला नमुन्याची छोटी बादली टांगायची, वायू आत सोडायचा आणि वजन वाढल्याने स्प्रिंग किती ताणली गेली ते दुर्बिणीतून वाचायचे, अशी ती पद्धत होती. चाबाझाइट हे खनिज पाण्याची आणि मद्यार्काची वाफ सहज आत घेते, मात्र बेंझिनसारख्या मोठ्या रेणूंना प्रवेश देत नाही, असे जर्मन संशोधकांना 1925 मध्ये आढळले होते. मॅकबेन यांनी अशा पदार्थांसाठी ‘रेणूंची चाळणी’ ही संज्ञा रूढ केली आणि घनांकडून होणाऱ्या शोषणावरील 1932 च्या आपल्या ग्रंथात या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. ज्या शास्त्रज्ञाने झिओलाइटचा हा गुणधर्म जगापुढे ठेवला, तोच आयुष्याच्या उत्तरार्धात झिओलाइटने भरलेल्या दख्खनच्या खडकावर उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेचा पहिला प्रमुख झाला.

मॅकबेन यांच्यानंतर 1952 ते 1957 या काळात जॉर्ज इंगल फिंच यांनी संचालकपद सांभाळले. 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूची नळकांडी वापरून सुमारे 8,300 मीटर उंची गाठणारे गिर्यारोहक म्हणून ते प्रसिद्ध आहेत, परंतु शास्त्रज्ञ म्हणून त्यांची ख्याती इलेक्ट्रॉनच्या विवर्तनावर आधारलेली होती. इलेक्ट्रॉनांचा झोत पृष्ठभागावर अगदी तिरका सोडला की तो वरच्या मोजक्या अणुथरांतूनच परततो आणि त्याच्या विखुरण्यावरून त्या थरांतील अणूंची मांडणी कळते. फिंच यांच्यामुळे पातळ थरांचा आणि पृष्ठांचा अभ्यास पुण्यात स्थिरावला. या दोन संचालकांपासून पुढच्या उत्प्रेरक-संशोधनापर्यंत गुरुशिष्यांची सरळ साखळी जोडता येत नाही. मात्र पृष्ठभाग ही तर्काने सोडवायची नव्हे, तर उपकरणाने मोजायची गोष्ट आहे, ही शिस्त संस्थेत आरंभीच आली.

मोजमापाला कारखान्याशी जोडणारा दुवा पुढील काळात तयार झाला. 1978 ते 1989 या काळात संचालक असलेले एल. के. दोरैस्वामी हे रासायनिक अभिक्रिया-अभियांत्रिकीचे अग्रणी होते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान विभागातील प्रा. एम. एम. शर्मा यांच्यासह त्यांनी लिहिलेला द्विखंडी ग्रंथ 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. रेणू उत्प्रेरकाच्या सूक्ष्म छिद्रांतून किती वेगाने आत शिरतो, क्रियेत निर्माण झालेली उष्णता कशी बाहेर पडते आणि प्रयोगशाळेतील काही ग्रॅमचे निष्कर्ष टनांच्या संयंत्राला कसे लागू करायचे, या प्रश्नांना गणिती रूप देणे हे या शाखेचे कार्य होय. त्याविना उत्तम उत्प्रेरकही प्रयोगशाळेच्या काचपात्रातच राहिला असता.

या पार्श्वभूमीवर पॉल रत्नसामी यांची संशोधन-कारकीर्द पाहिली पाहिजे. तमिळनाडूत 1942 मध्ये जन्मलेल्या रत्नसामी यांनी मद्रासमध्ये आणि परदेशात संशोधन केल्यावर डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत काम केले. खनिज तेलातील गंधक काढून टाकणाऱ्या कोबाल्ट-मॉलिब्डेनम उत्प्रेरकांच्या रचनेवर एस. शिवशंकर यांच्यासह त्यांनी 1980 मध्ये लिहिलेला परामर्शलेख या विषयातील महत्त्वाचा मानला जातो. पुण्यात आल्यावर त्यांच्या गटाने कृत्रिम झिओलाइटांकडे लक्ष वळवले. डोंगरातील झिओलाइट अशुद्ध असतो आणि त्यातील छिद्रांचे माप निसर्गाने ठरवलेले असते. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्या दगडाऐवजी त्याच्या रचनेचे तत्त्व उचलले. सिलिका आणि ॲल्युमिना यांच्या क्षारीय मिश्रणात सेंद्रिय रेणू घालून ते बंद पात्रात दाबाखाली तापवले, की त्या रेणूभोवती स्फटिकाची चौकट रचली जाते. नंतर भट्टीत तो रेणू जाळून टाकला, की ठरावीक मापाची पोकळी उरते. या पद्धतीने पुण्यात ‘एन्सिलाइट’ या नावाने उत्प्रेरकांची मालिका सिद्ध झाली.

तिचे पहिले मोठे फळ म्हणजे 1985 च्या सुमारास बडोद्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्समध्ये वापरात आलेली ‘झायलोफायनिंग’ प्रक्रिया. पॉलिएस्टर कापडासाठी लागणारा पॅरा-झायलीन हा तीन भावंड-रेणूंपैकी सर्वांत सडपातळ असतो. सुमारे 0.55 नॅनोमीटर रुंदीच्या वाटांतून तो सहज निसटतो, तर ऑर्थो आणि मेटा ही रुंद रूपे आत अडखळतात आणि त्यांचे पुन्हा रूपांतर होत राहते. यालाच आकारनिष्ठ उत्प्रेरण म्हणतात. ‘अल्बीन’ या दुसऱ्या प्रक्रियेत बेंझिन आणि इथाइल अल्कोहोल यांच्यापासून इथाइलबेंझिन, म्हणजे पॉलिस्टायरीन प्लास्टिकचा पूर्वज, तयार होतो. पाश्चात्त्य कारखाने त्यासाठी खनिज तेलापासून मिळणारा इथिलीन वायू वापरत. भारतात साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल मिळत असल्याने येथील साधनसंपत्तीला जुळणारा मार्ग शोधणे, हे या कामाचे वैशिष्ट्य ठरले. जुन्या पद्धतीतील ॲल्युमिनियम क्लोराइड यंत्रसामग्री गंजवतो आणि विल्हेवाटीस कठीण असा गाळ मागे ठेवतो. घन झिओलाइट पुनःपुन्हा वापरता येतो, म्हणून या बदलाला पर्यावरणाच्या दृष्टीनेही मोल आहे.

रत्नसामी यांना 1984 मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि 2001 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि 1995 ते 2002 या काळात ते प्रयोगशाळेचे संचालक होते. त्यांच्या समकालीनांचे कामही तितकेच भरीव होते. झिओलाइटचे स्फटिक अधिक वेगाने कसे घडवता येतील यावरील राजीव कुमार आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध 1996 मध्ये ‘नेचर’मध्ये, तर गॅलियमयुक्त झिओलाइटवर मिथेन वायूला कमी तापमानाला क्रियाशील करण्याविषयीचा व्ही. आर. चौधरी आणि सहकाऱ्यांचा निबंध 1997 मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्टपणे निघते. 1980 च्या दशकातील औद्योगिक यश एखाद्या प्रतिभावंताच्या एका प्रयोगातून आले नाही. त्यामागे खनिजशास्त्रज्ञांनी खाणींत केलेले निरीक्षण, मॅकबेन आणि फिंच यांनी आणलेली मोजमापाची शिस्त, दोरैस्वामींच्या शाखेने दिलेले गणित आणि स्वदेशी प्रक्रियेवर भांडवल लावणाऱ्या कारखान्यांचा विश्वास, असे अनेक दशकांचे संचित होते. उत्प्रेरक-संशोधकाची कारकीर्द म्हणूनच शोधनिबंधांच्या संख्येने मोजता येत नाही, कारण पृष्ठभागावरील एका क्रियेचे ज्ञान कारखान्याच्या भट्टीत उतरण्यास बहुधा एका माणसाच्या उमेदीहून अधिक काळ लागतो. मराठवाड्यातील महाविद्यालयांत आज रसायनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना या क्षेत्रात उभे राहायचे असेल, तर त्यांना केवळ उपकरणे देऊन भागणार नाही. एकाच प्रश्नावर दीर्घकाळ काम करण्याची मुभा आणि त्या कामाची वाट पाहण्याचे धैर्य संस्थांनी त्यांना दिले पाहिजे.