साखर, पेट्रोल आणि पालिओ

'हॉट हॅच' या शब्दाला मराठीत चांगला प्रतिशब्द नाही. दिसायला रोजच्या वापराची, मागे वर उघडणाऱ्या दाराची छोटी गाडी, पण बॉनेटखाली मोठ्या गाडीचं इंजिन, असा तो प्रकार. युरोपात १९७६च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने तो लोकप्रिय केला. आपल्याकडे यायला पंचवीस वर्षं लागली. २००१ साली फियाटने पालिओ आणली आणि तिच्या १.६ जीटीएक्समध्ये सोळा व्हॉल्व्हचं, शंभर अश्वशक्तीचं इंजिन घातलं. तेव्हाची मारुती ८०० याच्या निम्म्याहून कमी ताकदीवर अख्खा संसार ओढत होती, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या शंभराचं अप्रूप कळतं.

ही गाडी तयार व्हायची कुर्ल्याला. तिथे मोटारी बनवण्याची परंपरा प्रीमियरची. ती कंपनी १९४४ साली काढली वालचंद हिराचंद यांनी, आणि वालचंद मूळचे सोलापूरचे, म्हणजे आमच्या तुळजापूरहून पन्नास किलोमीटरच्या आतले. मोटारींबरोबर त्यांनी साखरही केली, वालचंदनगरला. (साखरेचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) प्रीमियरच्या जोरावर 'फियाट' म्हणजे पद्मिनी हे समीकरण घट्ट झालं होतं. मग १९९६ साली युनो आली, बुकिंगचा पाऊस पडला, पण संपामुळे गाड्या वेळेवर मिळेनात. लोकांचा विश्वास उडाला तो तिथेच, असं मला वाटतं. पुढे पालिओच्या जाहिरातीत खुद्द सचिन उभा राहिला, त्याला फेरारीही मिळाली, २००३ साली तिच्या आयात शुल्कावरून गदारोळही झाला. पण शेवटी आपल्याकडे प्रश्न एकच: ॲव्हरेज किती देते? जीटीएक्सकडे त्याचं सांगण्यासारखं उत्तर नव्हतं.

असो. माझ्याकडची २००२ची आहे, एमएच २५, म्हणजे उस्मानाबादची. गावाचं नाव आता धाराशिव झालं, पाटी तीच राहिली.

अशी गाडी घरी सांभाळायची तर पहिलं भय टायमिंग बेल्टचं. या इंजिनात तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्ट किलोमीटरने झिजतो तसा वर्षांनीही म्हातारा होतो. 'गाडी फार चालतच नाही' हे म्हणूनच समाधान मानण्याचं कारण नाही. शेडमध्ये उभी असलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त लक्ष मागते. दुसरं, रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी किती जड असतं ते घरच्या भांड्यांवरचे पांढरे डाग सांगतात. तोच थर इंजिनाच्या आतल्या वाटांमध्ये बसतो. कूलंट आणि शुद्ध केलेलं पाणी, याला पर्याय नाही.

आता साखर. पालिओ आली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. २००३ साली काही राज्यांत पाच टक्क्यांनी सुरुवात झाली आणि २०२५पर्यंत ते वीस टक्क्यांवर पोचलं. आमचा जिल्हा दुष्काळी, तरी उसाचा. ढोकीच्या तेरणा कारखान्यावर इथली कितीतरी राजकारणं उभी राहिली आणि पडली. उसाचा पैसा शेतकऱ्याला वेळेवर मिळावा म्हणून इथेनॉल हवं, हे मला पूर्ण पटतं. पण तेच इथेनॉल जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील फुगवतं, कडक करतं. शिवाय ते हवेतली ओल शोषतं. उभ्या गाडीच्या टाकीत तेही एक दुखणं. काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही २०२५मध्ये मान्य केलं.

म्हणून 'मॉडिफिकेशन' या शब्दाचा अर्थच माझ्यापुरता बदलला. वीस वर्षांपूर्वी त्याचा अर्थ रुंद टायर, मोकळा एअर फिल्टर आणि गल्ली जागवणारा सायलेन्सर असा होता. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, हे जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२वर बोट ठेवून स्पष्ट केलं. सायलेन्सरवाल्यांबद्दल मला फारशी सहानुभूती नाही. मी बदललं ते इतकंच: इंधनाच्या जुन्या नळ्या काढून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि नवे क्लॅम्प. बाहेरून काही दिसत नाही, पण पेट्रोलचा वास गेला.

सुटे भाग हा वेगळाच इतिहास. फियाटने इथल्या मोटारी २०१९च्या सुमारास बंद केल्या. आता पालिओचं काही हवं असेल तर कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात फिरावं लागतं. जिथे जन्मली तिथेच तिचे अवयव मिळतात!

आणि कागद. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. त्याची फी आधी सहाशे होती, एप्रिल २०२२पासून पाच हजार झाली. वीस वर्षांपुढच्या गाड्यांना ऑगस्ट २०२५पासून दहा हजार. माझी पाळी २०२७ला आहे. घरातला एक पक्ष म्हणतो, भंगारात द्या, २०२१पासून त्याचं धोरणही आहे. त्यांचा हिशेब चुकीचा नाही. पण घाटातून तुळजापूरला चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ती जशी उचल घेते, ते त्या हिशेबात कुठे बसवायचं ते अजून कोणी सांगितलेलं नाही. तोवर लोअर आर्मचे बुश शोधतो आहे. कुणाला ठाऊक असेल तर कळवा.