हृदयाचं आरोग्य आणि स्मृतिभ्रंश: रक्तदाबाचा विसरण्याशी काय संबंध?

स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, हा एकच आजार नाही. स्मरण, विचार, भाषा आणि रोजचे व्यवहार सांभाळण्याची क्षमता हळूहळू कमी होत जाते, त्या अवस्थेला हे नाव आहे. अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण. त्याखालोखाल रक्तवाहिन्यांचे विकार येतात. अनेक वृद्धांमध्ये ही दोन्ही कारणं एकत्रच सापडतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, डिमेन्शिया आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो. त्याच्याकडे साठा जवळजवळ नसतो, त्यामुळे रक्तपुरवठा अखंड लागतो. रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला राहिला, की मेंदूच्या आतल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात. कुठे पुरवठा कमी पडतो, कुठे छोटासा भाग मरतो. अशा झटक्यात तोंड वाकडं होत नाही की हात लुळा पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला कळतही नाही. पुढे विसरण्याआधीच मंदपणा दिसू शकतो: बँकेचा हिशेब जमत नाही, स्वयंपाकातला क्रम चुकतो. मधुमेह, धूम्रपान आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल यांनीही रक्तवाहिन्या खराब होतात. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, तर हृदयात तयार झालेली गुठळी मेंदूपर्यंत जाऊ शकते.

हे नुकसान कधी सुरू होतं, हा खरा प्रश्न. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या व्हाइटहॉल-२ अभ्यासात ५० व्या वर्षी वरचा आकडा १३० किंवा जास्त असलेल्यांना पुढे डिमेन्शियाचा धोका अधिक दिसला. ६० आणि ७० व्या वर्षी मोजलेल्या रक्तदाबाशी मात्र तसा संबंध आढळला नाही. म्हणजे तपासणी पन्नाशीतच हवी, तीही काही त्रास होत नसताना.

मग उपचारांनी फरक पडतो का? अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत नऊ हजारांहून अधिक जण होते. २०१९ च्या निष्कर्षांनुसार, वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य असलेल्या गटात स्मरण-विचारातली सौम्य घट १९ टक्क्यांनी कमी आढळली. डिमेन्शियाबाबतचा फरक मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही. चाचणी वेळेआधी थांबवली गेली, हेही त्याचं एक कारण असावं.

उतारवयात गणित थोडं बदलतं. डिमेन्शिया उघड होण्याआधीच्या काही वर्षांत अनेकांचा रक्तदाब आपोआप उतरतो, म्हणून ‘आता बीपी नॉर्मल आलं’ ही नेहमीच चांगली बातमी नसते. गोळ्या स्वतःहून बंद करणं धोक्याचं, आणि उभं राहताना चक्कर येत असूनही तोच डोस चालू ठेवणंही धोक्याचं. अशा वेळी डॉक्टर बसून आणि उभं करून, दोन्ही वेळा रक्तदाब मोजतात आणि मगच डोस ठरवतात.